चौतीस जणांची बस पुण्याला नेण्याआधी

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते. मागच्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. आमचा सकाळचा योगवर्ग आहे, बायका-पुरुष मिळून चौतीस जण. दरवर्षी आम्ही एक दिवसाची सहल काढतो. वणी-सापुतारा झालं, शिर्डी-शिंगणापूर दोनदा झालं. यंदा एकांनी सुचवलं की पुण्याला पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईतले कागद जिथे ठेवले आहेत तिथे, जाऊ आणि आपापल्या घराण्याचा इतिहास शोधू. सगळ्यांनी कल्पना उचलून धरली आणि व्यवस्था माझ्याकडे आली. बसवाल्याशी बोलणं झालंय, शनिवार धरलाय.

पण आता मला धाकधूक वाटते. दोघांना कुणबी नोंद हवी आहे. एक काका म्हणतात, आमचं घराणं सरदारांचं, फक्त कागद मिळायला हवा. बऱ्याच जणांना आजोबांच्या पलीकडचं नावच माहीत नाही. आणि वर्गातली माझी जवळची मैत्रीण म्हणाली, “तुम्ही जा. आमच्या पूर्वजांचं नाव कोण कशाला लिहून ठेवेल?” तिचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं. आजोबा गावकीची कामं करायचे, वडील नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये लागले. तिचं ते बोलणं मनातून जात नाही. सहल काढावी का? काढली तर कशी?’

सप्रेम नमस्कार.

सहल जरूर काढा. पण शनिवारची ती बस आजच रद्द करा. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि पेशवे दप्तर ज्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात आहे, ते सरकारी कार्यालयच आहे. शनिवारी तुम्हाला फाटकावरचं कुलूप दिसेल.

वार बदलला तरी चौतीस जणांनी पहिल्याच फेरीला पुण्याला जावं असं मला वाटत नाही. नाशिक-पुणे दोनशे दहा किलोमीटर. सिन्नरचा घाट, संगमनेरचा चहा, नारायणगाव, चाकणची कोंडी धरली तर पाच तास कुठे गेले कळत नाही. पहाटे पाचला निघालात तरी प्रत्यक्ष कागदासमोर बसायला तुम्हाला तीन-चार तास मिळतील. त्यात अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, मागणीची चिठ्ठी, दप्तरातून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, निघून टेबलावर येईपर्यंतचा वेळ आणि मधली जेवणाची सुट्टी. शिवाय वाचनकक्षात खुर्च्या मोजक्याच असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या बावीस जणांना मी अशाच एका दप्तरात घेऊन गेले होते. पोचायला बारा वाजले. निम्म्या लोकांकडे ओळखपत्राची प्रत नव्हती. रुमाल टेबलावर आला तेव्हा अडीच वाजले होते. कापडाची गाठ सुटली, कागद उलगडला, त्यावर शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे चार कण अजून चिकटून होते. ते पाहून सगळे गप्प झाले. मग आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी मला हळूच विचारलं, “यात आमचं नाव कुठे आहे?” आणि मला सांगता आलं नाही. कागद जुन्या मोडी लिपीत होता आणि मला तेव्हा मोडी येत नव्हती, त्यांना येत नव्हती, बावीस जणांत कोणालाच येत नव्हती. काका पुढच्या वर्षी गेले. त्या दिवसाचं ओझं माझ्या मनावर अजून आहे, म्हणून तुमच्या पत्राला इतकं सविस्तर उत्तर देते आहे.

पहिली गोष्ट सगळ्यांना बसवून समजावून सांगा. दप्तरात माणूस आडनावाने सापडत नाही, गावाने सापडतो. जुने कागद परगणा, तालुका आणि गाव यांनुसार लावलेले असतात. आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते कितीतरी घरांत शंभर-सव्वाशे वर्षांत पक्कं झालेलं आहे. त्याआधीच्या कागदात ‘राघो बिन खंडू’ असा उल्लेख येतो, बिन म्हणजे मुलगा. पुढे पाटील, कुंभार, गुरव असा हुद्दा किंवा व्यवसाय, आणि गावाचं नाव. तेव्हा ‘आमचं आडनाव अमुक, काही मिळेल का?’ या प्रश्नाला तिथला कर्मचारी काहीच उत्तर देऊ शकत नाही. ‘मौजे अमुक, तालुका चांदवड, साधारण १८५० च्या सुमाराचं इनामाचं काही आहे का?’ असं विचारलंत तर तो लगेच कामाला लागतो.

म्हणून सहलीच्या आधी महिनाभर प्रत्येकाने एक कागद तयार करायचा. मूळ गाव, तालुका, माहीत असतील तेवढ्या पिढ्यांची नावं, कुलदैवत, आजीचं माहेर, आणि गाव कधी व का सोडलं ते. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोन करा. बहुधा ती एखादी आत्या किंवा चुलत आजी असते, आणि तिला कोणी कधी काही विचारलेलंच नसतं. तिच्याकडे तासभर बसलात तर दप्तरातले चार दिवस वाचतात. एका माणसाचा एकच प्रश्न असू द्या. ‘आमच्या घराण्याचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे. ‘पणजोबांचे वडील कोण आणि ते येवल्याला कुठून आले’ हा प्रश्न झाला.

गाव लिहिताना आपल्याकडचा एक गुंता ध्यानात ठेवा. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी सिन्नर, निफाड, दिंडोरीकडचा मुलूख अहमदनगरच्या कलेक्टराकडे होता आणि मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात. म्हणजे सटाण्याकडच्या माणसाने १८५० चा कागद ‘नाशिक’ म्हणून मागितला तर तो मिळणार नाही, खानदेश म्हणून मागायला हवा. तसंच येवल्याच्या शेजारचं वैजापूर. आज मधे नुसती जिल्ह्याची हद्द आहे, पण सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होतं. तिकडचं मूळ असलेल्यांना उर्दू-फारसी कागदांना सामोरं जावं लागेल आणि त्यांची वाट छत्रपती संभाजीनगरकडे जाते, पुण्याकडे नाही.

आता सहलींबद्दल. हो, सहली. एक नव्हे, तीन-चार. आणि पहिलीला बस लागतच नाही, सिटीबस पुरेल.

पहिली सहल रामकुंडावर करा. आपण नाशिककर रोज तिथून जातो, पण तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरातल्या वह्या हे केवढं मोठं दप्तर आहे याची आपल्याला जाणीव नसते. देशभरातून माणूस गोदावरीवर आला, श्राद्ध केलं, अस्थी सोडल्या, की उपाध्याय त्याचं नाव, गाव, वडील-आजोबा, भाऊ, मुलं वहीत लिहून घेत. वंशपरंपरेने यजमान वाटलेले असतात, बहुतेक गावांवरून किंवा ज्ञातीवरून. त्यामुळे तिथेही पहिला प्रश्न हाच येतो, ‘मूळ गाव कुठलं?’ त्र्यंबकेश्वरालाही अशा वह्या आहेत. मात्र आपण नाशिकचेच असलो तर पूर्वजांनी इथे नोंद केली असेलच असं नाही. ज्यांची घरं बाहेरून आली, खानदेशातून, नगरकडून, कोकणातून, त्यांना इथे मिळण्याची शक्यता जास्त. सिंहस्थाची वर्षं डोळ्यांसमोर ठेवा, २०१५, २००३, १९९१, १९८०, आणि तशीच साधारण बारा-बारा वर्षं मागे मोजत जा. गावंच्या गावं त्या वर्षी आलेली असतात, त्यामुळे त्या पानांवर नोंदी दाट असतात.

तिथे जाताना काही गोष्टी पाळा. पितृपक्ष, अमावस्या आणि सकाळची वेळ टाळा, तेव्हा उपाध्याय विधींत असतात. दुपारी तीननंतर, आधी फोन करून, सहा-सात जणांनी जा. वह्या त्यांच्या घरच्या आहेत, सरकारच्या नाहीत. दाखवणं हा त्यांचा मोठेपणा आहे, तेव्हा दक्षिणा हातावर ठेवा आणि फोटोसाठी विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका. तुमची स्वतःची आजची नोंदही लिहून घ्यायला सांगा. सुना आणि मुली यांची नावं आवर्जून सांगा.

हे आवर्जून का म्हणते? माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला ‘मोठी बय’ म्हणत. सातबारावर ती नव्हती, शाळेत कधी गेली नव्हती, तिचा फोटो नव्हता. मला ती त्या वहीत भेटली. माझे पणजोबा तिच्या अस्थी घेऊन आले होते आणि उपाध्यायांनी ‘भार्या’ लिहून पुढे तिचं नाव लिहिलं होतं. तीन अक्षरी नाव. उपाध्यायांनी ते बोटाने दाखवलं आणि दोनदा मोठ्याने वाचलं. मी घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही.

दुसरी सहल तालुक्याची. इथे चौतीस जणांचे तालुक्यावार गट पाडा. निफाडवाले एकत्र, सिन्नरवाले एकत्र. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेखचं कार्यालय ही सामान्य शेतकरी घरासाठी पुण्याच्या दप्तराहून अधिक देणारी ठिकाणं आहेत, हे माझं ठाम मत आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली. तेव्हापासून जमिनीचा मालक वारला, वाटणी झाली, गहाण पडली, सुटली की गाव नमुना सहाला, म्हणजे फेरफाराला, नोंद व्हायला लागली. आजच्या सातबारावरून फेरफार नंबर घ्या, त्यावरून त्याच्या आधीचा, त्यावरून त्याच्या आधीचा. असे जिने उतरत गेलात की तीन-चार पिढ्या हाती येतात. मधे एक अडचण येते. जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर कोणता ते भूमी अभिलेखमधून आधी काढून घ्या, नाहीतर वाट तिथेच तुटते. महसूल विभागाने नाशिकसह काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. ज्यांच्या घरी नातवंडं कॉम्प्युटरला सरावलेली आहेत त्यांनी आधी तिथे पाहावं आणि मगच तहसीलची पायरी चढावी.

फेरफार वाचताना घाई करू नका. ‘खातेदार मयत, वारस येणेप्रमाणे, वर्दीवरून नोंद’ एवढ्या तीन ओळींत अख्खं घर असतं. त्यात ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरं दिसली तर थांबा. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे बाप वारला तेव्हा मुलं लहान होती आणि कोणीतरी त्यांची पालक म्हणून लागली. बहुतेक वेळा पुढे ‘आई’ असं लिहून तिचं नाव असतं. कितीतरी घरांत विधवा बाईचं नाव सरकारी कागदावर आलेलं असं हे एकच ठिकाण असतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, त्यावरून घरातला कर्ता कोण होता ते कळतं. इतर हक्कांच्या रकान्यात कर्ज दिसतं. कोणत्या वर्षी जमीन गहाण पडली ते पाहिलंत की आजोबा गाव सोडून नाशिकला का आले याचं उत्तर कधी कधी तिथेच मिळतं.

त्याच फेरीत गाव नमुना चौदाही मागा, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात तो जन्म-मृत्यूचा. जमीन नसलेल्यांची नोंदही तिथे असते. आणि गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा शंभर वर्षांची असेल तर मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन पाहता येतं. तुमच्या वर्गात शरणपूरकडची ख्रिस्ती कुटुंबं असतील तर त्यांनी चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरपासून सुरुवात करावी. पावसाचे दिवस असतील तर मधे एक दिवस सार्वजनिक वाचनालयात काढा. १८४० पासूनची संस्था आहे आपली. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर ग्रंथालयात बसून चाळा. त्यात तुमच्या आजोबांचं नाव नसेल, पण त्यांच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरायचा ते असू शकतं.

दरम्यान तुमच्यातल्या निदान चौघांनी मोडी शिकायला घ्या. पुराभिलेख संचालनालयाची शिबिरं होतात, खासगी वर्गही चालतात. चौतिसांनी शिकायची गरज नाही. चौघं शिकली तर बाकीच्यांचे कागद वाचता येतील, आणि समूहाने जाण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला लटकवून हात न उचलता लिहीत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही. एकट्याला एखादं अक्षर लागत नाही, दोघं बसले की लागतं. ‘हे खंडू आहे की गोंदू’ यावर एका टेबलाशी चार डोकी वाकलेली मी पाहिली आहेत, आणि उत्तर बहुधा पाचव्यानेच दिलेलं असतं.

कालगणनाही थोडी शिकून ठेवा. पेशवाईतल्या कागदावर इसवी सन नसतो, सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१. पानिपतचं साल. पहिल्यांदा हे माझं मला जुळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. हा शब्दांचा तक्ता एका कार्डावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीत असू द्या.

एवढं झालं की मग पुणे. तोपर्यंत चौतिसांपैकी कोणाला पुण्याला जायची खरंच गरज आहे ते आपोआप कळलेलं असेल. ज्यांच्या घरात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, इनाम असं काही होतं, किंवा घराणं लष्करात होतं, त्यांच्यासाठी पेशवे दप्तर. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागवले तेव्हा घराघरांनी वंशावळी सादर केल्या, त्यांचे कागद तिथे आहेत. आठ जणांची गाडी करा, मंगळवार किंवा बुधवार निवडा, आणि जमलं तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा. पत्र आणि फोन आधी. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्या. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल त्यांना आधीच सांगून ठेवा. भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं, पण एका दिवसात दोन्ही करायचा मोह टाळा.

खानदेशाकडचं मूळ असलेल्यांनी पुण्याऐवजी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जावं. तीन तासांचा रस्ता आहे, तेव्हा एक दिवसाची सहल म्हणून ते उत्तम बसतं. इंग्रजी अमदानीतल्या सरकारी फायली हव्या असतील तर मुंबई. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, सीएसएमटीहून चालत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, संध्याकाळच्या पंचवटीने परत. बसच्या भाड्याचा प्रश्नच नाही.

तुमच्या काकांबद्दल आणि कुणबी नोंदवाल्यांबद्दल थोडक्यात. कुणबी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो प्रमाणित नक्कल म्हणून लागतो. मोबाइलचा फोटो किंवा दप्तरात ‘पाहिला होता’ हे चालत नाही. ते काम तहसीलचं आणि शाळेच्या रजिस्टरचं आहे, त्या दोघांनी सहलीवर विसंबू नये आणि एजंटाला तर पैसे मुळीच देऊ नयेत. काकांना म्हणावं, सरदारकी मनात धरून गेलात तर मिळालेला कागद हातून सुटेल. गावचा साधा खातेदार म्हणून नाव मिळालं तरी ते त्यांच्याच रक्ताचं आहे.

आणि एक नियम बस निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. ज्याच्या घरचा कागद, त्याने सांगितल्याशिवाय दुसऱ्याने गाडीत त्याचा विषय काढायचा नाही. दत्तक, दुसरं लग्न, गहाणवट, भाऊबंदकीचा दावा, असं काहीही निघतं. माणूस ते वाचून काही दिवस गप्प असतो. त्याला तेवढे दिवस द्या.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

त्या म्हणतात, आमचं नाव कोण लिहून ठेवणार? त्यांची शंका खोटी नाही. दप्तर लिहिणाऱ्याने वसुली देणाऱ्याचं आणि हक्क सांगणाऱ्याचं नाव आधी लिहिलं, हे खरंच आहे. पण जुन्या काळात गावात वतनाचा किंवा शिवेचा तंटा झाला की गोतसभा, म्हणजे गावातल्या हक्कदारांची बैठक, बसे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्याच्या सुरुवातीला ‘हाजीर मजालस’ म्हणून बसलेल्यांची नावं लिहीत. त्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांची नावं असत, आणि शिवेच्या तंट्यात तर महारांच्या साक्षीला वजन होतं, कारण शीव त्यांच्या पायाखालची होती. त्यांच्या नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं, रायनाक, सिदनाक अशी. लिहिता न येणाऱ्याने निशाणी करायची. पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, बाईची बांगडी. कागदाच्या कडेला काढलेली बोटभर आकृती. त्या माणसाने लेखणी हातात धरून ओढलेली रेघ अडीचशे वर्षांनी आपल्यासमोर असते. मी अशी बांगडी पाहिली आहे. नीट गोल जुळली नव्हती, एका बाजूला शाई जास्त उतरली होती.

शिवाय त्यांचे आजोबा गावकीची कामं करायचे म्हणजे ते वतन होतं. १८७४ च्या वतन कायद्याखाली त्याच्या नोंदी ठेवलेल्या आहेत. याच वतनाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं होतं. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतनं संपली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा देण्याची प्रकरणं झाली. त्या प्रकरणांत नावं, वारस, हिस्से येतात. निफाडच्या तहसील कार्यालयात ‘महार वतन, रिग्रँट’ असे शब्द वापरून मागणी करायला सांगा, नुसतं ‘इनाम’ असा मोघम शब्द नको. वडील प्रेसमध्ये होते तर घरात पेन्शनचे कागद असतील, त्यावर जन्मतारीख आणि मूळ गाव असतं. आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला आपल्याच पंचवटीत सुरू झाला, पाच वर्षं चालला. निफाडकडून माणसं आली होती का, आजोबा त्यात होते का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला हवं. त्या काळच्या गृह विभागाच्या फायली मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत.

माझं ऐकाल तर तालुक्याची पहिली सहल निफाडलाच ठेवा आणि मैत्रिणीला गटप्रमुख करा. ‘तू चल’ असा नुसता आग्रह करू नका. तिच्या घरी जा, चहा घ्या, आणि आजोबांचं नाव, गावाचं नाव, आजीचं माहेर एवढं तिच्याच अक्षरात त्या कागदावर लिहून घ्या. गटातली पहिली चिठ्ठी तिची जाऊ द्या. निफाडला रेकॉर्ड मागणीचा अर्ज सकाळी अकराच्या आत दिलात तर दुपारच्या जेवणानंतर रजिस्टर समोर येण्याची आशा धरता येते. डबे घरूनच न्या.

काय मिळालं ते मला कळवा. काही नाही मिळालं तरी कोणती रजिस्टरं पाहिली आणि कोणत्या सालापासूनची होती तेवढं लिहा, म्हणजे पुढची चिठ्ठी कशी लिहायची ते आपण मिळून ठरवू.